चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती: वाळूजच्या पगारावर चाललेले घर पुढे कशावर चालेल?

दुधनाकाठ

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी १९९६ पासून नोकरी करतो. कंपनीने पन्नाशी ओलांडलेल्या कायम कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर केली आहे. अर्ज फेब्रुवारीअखेर द्यायचा असून ३१ मार्चला कार्यमुक्त करणार आहेत. माझे वय ५४ आहे आणि येत्या मे महिन्यात ५५ पूर्ण होतील. खात्यातील बरेच सहकारी अर्ज भरून मोकळे झाले आहेत. माझा मात्र हिशेब जुळत नाही, म्हणून तो या मंचावर जसाच्या तसा मांडतो.

भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे फंडात, व्याजासह ४२ लाख रुपये आहेत. ग्रॅच्युइटी सव्वासात लाख आणि योजनेची भरपाई पावणेएकोणीस लाख, असे मिळून २६ लाख हाती येतील. बँकेत आणि पोस्टात ११ लाखांच्या ठेवी आहेत. एकूण ७९ लाख होतात. मुलाचे पुण्यात अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष चालू आहे. त्याची फी बाजूला काढली असल्याने ती या रकमेत धरलेली नाही. मुलीचे लग्न झाले आहे. बजाजनगरमधील घराचे कर्ज फिटले आहे. गावाकडे, अंबड तालुक्यात, माझ्या वाट्याची सहा एकर जमीन धाकटा भाऊ कसतो. आई ७८ वर्षांची असून त्याच्याकडेच असते. पत्नी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. घरखर्च दरमहा ३८ हजार येतो. मला साखरेचा त्रास आहे.

माझ्या मनात असे आहे की ७९ लाखांचे व्याज आणि शेतीचे उत्पन्न यांवर आम्हा दोघांचे निभून जावे. पत्नीला हे पटत नाही. येथे निवृत्त झालेली, बँकेत काम केलेली आणि शेती करणारी मंडळी आहेत. कोणत्या जागी माझी मांडणी कच्ची आहे, ते स्पष्ट सांगावे.

मांजरा

मी लातूर जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेतून निवृत्त झालो. सुरुवातीलाच एक सांगतो: माझ्यासारख्या जुन्या निवृत्तिवेतनधारकाच्या अनुभवावरून आपण निर्णय घेऊ नये. मला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्यातील चाळीस टक्के हिस्सा मी एकरकमी पैसे घेऊन विकला असला, तरी महागाई वाढ मूळ निवृत्तिवेतनावरच मोजली जाते आणि विकलेला हिस्सा १५ वर्षांनी पूर्ववत होतो. म्हणजे बाजारातील भाव चढले की माझी आवकही, थोडी मागून का होईना, चढते. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या आमच्याच शाळेतील शिक्षकांना ही जुनी योजना लागू नाही, आणि खासगी कारखान्यातील माणसाला तर मुळीच नाही. आपल्या ७९ लाखांना महागाई भत्ता नाही. व्याज आज जितके मिळेल तितकेच दहा वर्षांनीही मिळेल, किंवा त्याहून कमी मिळेल.

दुसरी गोष्ट आमच्या भागात निवृत्त झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. एकरकमी पैसा खात्यात आला की तो गावाला कळतो. कुणाला घर बांधायचे असते, कुणाच्या मुलीचे लग्न असते, कुणाला मुलाच्या नोकरीसाठी पैसे भरायचे असतात. मागणारे आपलेच असतात आणि त्यांची गरजही खरी असते. मुलाला पुण्यात सदनिका घेताना आधीची रक्कम वडिलांनी भरावी, अशी अपेक्षाही आता सर्रास दिसते. कुणाला किती द्यायचे हे पैसा हाती येण्यापूर्वी दोघांनी बसून ठरवावे, आणि ती रक्कम ७९ लाखांतून आजच वजा करून मग हिशेब मांडावा.

खाम

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये संगणक क्षेत्रात काम करतो. साधा ठोकताळा असा की वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी असेल तर निवृत्त होता येते. आपला वार्षिक खर्च ४ लाख ५६ हजार आहे, म्हणजे १ कोटी १४ लाख हवेत. ३५ लाख कमी पडतात. शिवाय सगळा पैसा ठेवींत ठेवला तर महागाई तो खाऊन टाकेल, म्हणून निदान तिसरा हिस्सा म्युच्युअल फंडांत असावा असे माझे मत आहे.

जमाखर्च

मी नांदेडला बँकेतून निवृत्त झालो. खाम यांचा ठोकताळा वापरण्यापूर्वी तो कुठून आला हे पाहणे आवश्यक आहे. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने तेथील शेअर आणि रोखे यांच्या जुन्या आकड्यांवरून तो काढला: पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के उचलायचे, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवायची, आणि पुंजी तीस वर्षे पुरावी. तेथील बाजार, तेथील महागाई आणि निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम शेअरमध्ये ठेवणारा गुंतवणूकदार गृहीत धरलेला आहे. आपल्याकडचा कामगार असे वागत नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याने ते प्रथमच शिकावे असा आग्रह मी धरणार नाही.

दुधनाकाठ साहेब, आपला हिशेब आपल्याच आकड्यांवर करू. करभरणा करून पुंजीवर सात टक्के सुटतात आणि महागाई सहा टक्के आहे असे धरा. सहा टक्क्यांनी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे आजचे ३८ हजार आपल्या ६६ व्या वर्षी ७६ हजार आणि ७८ व्या वर्षी दीड लाखाच्या पुढे. या गतीने ७९ लाख साधारण एकोणीस वर्षे पुरतात. आपण तेव्हा ७३ वर्षांचे असाल आणि वहिनी ६९ च्या. निवृत्तीनंतर केवळ व्याजावर घर चालते ही समजूत पहिल्या चार-पाच वर्षांपुरतीच खरी असते, कारण त्या काळात व्याज आणि खर्च यांचा मेळ बसतो आणि माणूस निर्धास्त होतो. त्यानंतर मुद्दल कमी होऊ लागते, आणि एकदा तसे झाले की व्याजही दर वर्षी घटते.

आता दुसरी बाजू. आपण अर्ज भरला नाही आणि आणखी चार वर्षे थांबलात तर काय होईल? फंड सध्याच्या सव्वाआठ टक्के व्याजाने आणि नव्या भरण्यासह ६२ लाखांच्या आसपास जाईल, ग्रॅच्युइटी पगारवाढ धरून पावणेदहा लाखांच्या घरात जाईल, ठेवी १४ लाख होतील. भरपाईचे पावणेएकोणीस लाख मात्र मिळणार नाहीत. एकूण ८६ लाख, आणि तोवर मासिक खर्च ४८ हजार झालेला असेल. ही पुंजी सोळा वर्षे पुरते, म्हणजे ७४ व्या वर्षापर्यंत. पगारातून वर्षाला दीड-दोन लाख शिल्लक पडत असतील तर त्यात वर्ष-दीड वर्षाची भर घाला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आज निघालात काय किंवा चार वर्षे थांबलात काय, फक्त पुंजीवर विसंबलात तर पैसा त्र्याहत्तर ते पंचाहत्तरच्या दरम्यानच संपतो. अर्ज भरायचा की नाही, या प्रश्नाभोवती आपण फिरत आहात, पण निर्णायक प्रश्न तो नाही. पुंजीखेरीज दरमहा येणारा, आणि महागाईबरोबर वाढणारा, दुसरा पैसा कोणता आहे, हे आधी सांगा.

ईपीएस-९५ चे, म्हणजे फंडासोबतच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, निवृत्तिवेतन त्यात मोठे नाही. सप्टेंबर २०१४ पूर्वीची सेवा ६,५०० रुपयांच्या आणि नंतरची १५,००० रुपयांच्या मर्यादेवर धरून, सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. आपले चार-साडेचार हजारांच्या आसपास येईल, ते ५८ व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांसाठी वर्षाला चार टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. आणि या वेतनाला महागाई वाढ नाही.

बांधावरून

शेतीबद्दल कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. मी अंबड तालुक्यातलाच, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील शेतकरी आहे. माझे म्हणणे एका वाक्यात असे: निवृत्तीच्या हिशेबात शेतीचे उत्पन्न शून्य धरावे.

असे म्हणताना शेती वाईट आहे असे मला म्हणायचे नाही; माझे घर तिच्यावरच उभे आहे. परंतु घरखर्च दर महिन्याला येतो आणि शेतीचा पैसा वर्षातून दोनदा येतो, तोही येईलच असे नाही. जालना जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. तरी २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे जोपासलेल्या बागा वाळून गेल्या. लोकांनी टँकरने विकतचे पाणी घातले, कर्ज काढले, आणि शेवटी झाडे तोडून सरपण केले. मोसंबीचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. तरुण शेतकरी तो फटका सोसून पुन्हा बाग लावतो. साठीतल्या माणसाला तेवढा अवधी नसतो. २०१४ आणि २०१५ ही वर्षेही तशीच गेली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उलटे झाले: काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि नदीकाठची जमीन खरडून निघाली.

पाऊस चांगला झाला तरी भावाची खात्री नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात माल चार हजारांच्या आसपास विकावा लागला. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी-काढणीची मजुरी वजा करा. आपण स्वतः कसणार नसाल तर सालगडी ठेवावा लागेल किंवा जमीन बटईने, म्हणजे पीक वाटून घेण्याच्या बोलीवर, द्यावी लागेल, आणि बटईत खर्चाची निम्मी जबाबदारी आपल्यावर येते. ठोक्याने दिली तर रक्कम ठरलेली मिळते, म्हणून निवृत्त माणसाला तेच त्यातल्या त्यात सोयीचे. पण जमीन भावाकडे आहे, आणि भावाकडून ठोका मागण्यापूर्वी आई त्याच्याकडे असते ही गोष्ट आपल्या लक्षात असावी.

सगळ्यात मोठी भीती मला उत्पन्नाची वाटत नाही, खर्चाची वाटते. शहरातून परत आलेला माणूस हाती पैसा असताना शेतात उतरला की प्रथम बोअर घेतो. पाणी लागले नाही तर दुसरा घेतो. मग शेततळे, ठिबक, बाग, गोठा असे एकामागून एक काम निघते. प्रत्येक काम योग्यच असते आणि प्रत्येक कामाचा हिशेब कागदावर बसतो. चार वर्षांत वीस लाख जमिनीत जातात आणि परत काढता येत नाहीत. शेतीची आवड असेल तर वर्षाला अमुक इतकेच पैसे घालीन अशी मर्यादा आधी ठरवा, आणि ज्या वर्षी शेतातून काही आले नाही त्या वर्षीही घर चालले पाहिजे, हीच कसोटी ठेवा. ज्या वर्षी पिकेल त्या वर्षीचा पैसा आईच्या औषधपाण्याला, घराच्या दुरुस्तीला, नातवंडांना होईल.

जमीन विकावी असे मात्र मी सुचवणार नाही. नगरपालिका हद्दीपासून दूर असलेल्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, त्यामुळे अगदी शेवटच्या गरजेला ती आधार ठरते. तो आधार ७५ व्या वर्षासाठी राखून ठेवावा.

पूर्णाकाठची

मी परभणीला शासकीय रुग्णालयात परिचारिका होते. दुधनाकाठ दादा, तुमच्या पूर्ण मांडणीत आजारपणाला एकही ओळ मिळालेली नाही, आणि साखरेचा त्रास आहे हे मात्र तुम्ही स्वतःच लिहिले आहे.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नवीन विमा घेतला तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून कार्यमुक्त होण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे चौकशी करा. सामूहिक विम्यातून वैयक्तिक विम्यात जाण्याची सोय असते आणि त्यात आधीच्या वर्षांचा लाभ धरला जातो. नोकरी सुटल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हे काम काढले तर तो लाभ हातचा जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर नाही, तेवढा दिलासा आहे. तरी पंचावन्नाच्या पुढच्या मधुमेही माणसाचा आणि पत्नीचा हप्ता लहान नसतो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. तुमच्या ३८ हजारांत तो धरलेला आहे का, ते पाहा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आयुष्मान वय वंदना कार्डावर सत्तरीपुढच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचे संरक्षण मिळते. आईंचे कार्ड अजून काढले नसेल तर ते आधार कार्डावरून काढून घ्या. परंतु या योजना ठरावीक उपचारांना आणि यादीतील रुग्णालयांनाच लागू असतात, आणि बहुतेक भरती झाल्यावरच्या असतात. मधुमेहाच्या माणसाचा खरा खर्च भरतीचा नसतो. तो दर महिन्याच्या गोळ्यांचा, तपासण्यांचा, डोळ्यांचा आणि पायाच्या जखमेचा असतो, आणि तो विमा देत नाही.

वहिनींना पटत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना नेमके काय पटत नाही, हे विचारले का? आपल्याकडे पुरुष आधी जाण्याचे प्रमाण अधिक आहे, आणि मागे राहिलेल्या बाईचे हाल मी वॉर्डात पुष्कळ पाहिले आहेत. ईपीएसमध्ये पतीच्या पश्चात पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मे मिळते, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन-सव्वादोन हजार. त्यामुळे हिशेब तुमच्या आयुष्याचा नव्हे, त्यांच्या आयुष्याचा मांडावा लागेल. पुंजी तुमच्या ७३ व्या वर्षी संपली तर त्या ६९ च्या असतील, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्यांना काढायची आहेत. ठेवी संयुक्त नावावर करा, सर्वत्र वारसाची नोंद तपासा, आणि बँकेचा व्यवहार त्यांनी स्वतः करावा यासाठी आतापासून त्यांना बरोबर न्या.

बिंदुसरा

बीडहून एक सावधगिरीची सूचना. एवढी रक्कम खात्यात आली की बारा-तेरा टक्के व्याज देणाऱ्या पतसंस्थांचे ओळखीचे लोक घरी येतील. २०२३ नंतर बीड आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांत अशा मोठ्या संस्था बंद पडल्या आणि निवृत्त शिक्षकांपासून ऊसतोड कामगारांपर्यंत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. माझ्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांची पूर्ण ग्रॅच्युइटी त्यात आहे. ते आजही मोर्चांना जातात. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नसते. पाटी, इमारत आणि कर्मचाऱ्यांचा पोशाख पाहून हा फरक कळत नाही, म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी ती संस्था रिझर्व्ह बँकेची परवानाधारक बँक आहे का, एवढे अवश्य तपासावे.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सर्व उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली. तिचा आक्षेप शेतीवरच होता. बांधावरून यांनी लिहिले तेच ती सांगत होती. विम्याचा हप्ता ३८ हजारांत धरलेला नव्हता, परंतु मुलाच्या खोलीचे भाडे आणि जेवणाचा खर्च त्यात होता. तो यंदा संपेल आणि त्यातून हप्ता निघेल, म्हणून खर्च ३८ हजारच ठेवतो.

जमाखर्च यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन गोष्टी मी विचारात घेतल्या नव्हत्या. घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्या मुलाच्या लग्नानंतर लागतील म्हणून मोकळ्या ठेवल्या होत्या. वाळूजमध्ये भाडेकरूंची कमतरता नाही; शेजारी तेवढ्याच जागेला दरमहा ९ हजार मिळतात. दुसरे असे की आमच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कारखानदाराने डाय-दुरुस्तीच्या विभागावर देखरेखीसाठी मला विचारले आहे. अर्धा दिवस काम आणि २० हजार रुपये. निवृत्त व्हायचे तर पूर्ण निवृत्त व्हायचे, अशा विचाराने मी त्याला उत्तर दिले नव्हते.

जमाखर्च

या दोन गोष्टींनी चित्र पालटते.

आधी फक्त भाडे धरू. ३८ हजारांतून ९ हजार वजा केले तर पुंजीवर २९ हजारांचा भार राहतो. भाडे साधारण महागाईबरोबर वाढते असे धरले, तर ७९ लाख पंचवीस वर्षे पुरतात, म्हणजे आपल्या ऐंशीच्या आसपास. आता साठाव्या वर्षापर्यंतचे २० हजारही धरा. तेवढी पाच वर्षे पुंजीवर फक्त ९ हजारांचा भार राहतो, आणि मग ती आपल्या ८५ व्या वर्षापर्यंत टिकते. वहिनी तेव्हा ८१ च्या असतील. मोकळ्या खोल्या आणि अर्ध्या दिवसाचे काम यांनी मिळून अकरा-बारा वर्षे वाढवली. तितकी वर्षे वाढवणारी कोणतीही ठेव माझ्या पाहण्यात नाही. शेती, ईपीएस आणि जमिनीची किंमत यांतील काहीही मी यात धरलेले नाही; ते सारे आजारपण आणि अडचण यांसाठी राहू द्या.

आता वेळापत्रकाकडे पाहू, कारण त्यात पैसा आहे. भरपाईच्या रकमेपैकी पाच लाखांपर्यंत आयकर लागत नाही; उरलेले पावणेचौदा लाख त्या वर्षाच्या उत्पन्नात धरले जातात. ही रक्कम मार्चमध्ये मिळाली तर ती पूर्ण वर्षाच्या पगारावर चढेल आणि कर दोन लाखांच्या पुढे जाऊ शकतो. एप्रिलमध्ये देय होऊन मिळाली तर नव्या वर्षात पगार नसल्याने तोच कर पाऊण लाखाच्या आसपास येतो. कार्यमुक्तीची तारीख काही दिवसांनी पुढे जाईल का, असे कंपनीला लेखी विचारा, आणि कर सल्लागाराकडून आकडे तपासून घ्या.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचेही तसेच आहे. सध्या तिचा दर ८.२ टक्के असून कमाल मर्यादा ३० लाख आहे. एरवी साठ वर्षांची अट असते. निवृत्ती घेतलेल्या व्यक्तीला ५५ पासून खाते उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणि त्याच पैशांतून. आपले ५५ मे महिन्यात पूर्ण होतात. पैसे एप्रिलमध्ये आले तर वाढदिवसानंतर ते जुलैपर्यंत आपल्याला अवधी मिळतो. तेच पैसे जानेवारीत मिळाले असते तर साठीपर्यंत थांबावे लागले असते.

खाम यांच्या म्युच्युअल फंडांच्या सूचनेला माझा विरोध नाही. सत्तरीनंतर लागणारा पैसा अजून पंधरा वर्षे दूर आहे आणि त्यातील काही भाग तेथे असावा. मात्र पहिल्या वर्षी त्यात हात घालू नये. आधी दरमहाची घडी बसू द्या.

खाम

मान्य आहे. भाडे आणि अर्धवेळ काम यांचा विचार न करता मी नुसती पट मोजली होती. एक शंका आहे: फंडाचे ४२ लाख लगेच काढणे गरजेचे आहे का?

जमाखर्च

मुळीच नाही. पंचावन्नपूर्वी नोकरी सुटली तरी खात्यावर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहते. नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते, एवढे लक्षात ठेवावे. सव्वाआठ टक्क्यांनी ४२ लाखांचे तीन वर्षांत ५३ लाखांहून अधिक होतात.

दुधनाकाठ

मंडळी, निर्णय झाला. कंपनीने लेखी कळवले आहे की तारीख १ एप्रिलची करता येईल आणि रक्कम त्याच महिन्यात खात्यावर येईल. अर्ज मी सोमवारी देत आहे. लहान कारखानदाराला होकार कळवला असून जूनपासून काम सुरू होईल. वरच्या खोल्यांना रंग लावायला घेतला आहे. भावाशी बोललो. जमीन तोच कसेल, मी ठोका घेणार नाही, आणि आईचा औषधखर्च मी देईन. बोअरसाठी पैसे मागितले तर नाही म्हणायचे हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. मुलालाही फोनवर सांगितले की पुण्यातल्या घरासाठी आमच्याकडून पाच लाखांपेक्षा अधिक मिळणार नाही. तो काही बोलला नाही, पण त्याला समजले असावे. ते पाच लाख बँकेतल्या ठेवींतून वेगळे काढले आहेत. त्याने पुंजी जितकी वर्षे कमी पुरेल, तितकी मी साठीनंतर काम लांबवून भरून काढीन.

माझा पुढील आराखडा असा आहे. कर वजा जाता उरणारे २५ लाख मे-जूनमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. त्याचे तिमाहीला ५१ हजार २५० म्हणजे महिन्याला १७ हजार येतील. त्यात भाड्याचे ९ आणि कामाचे २० मिळवले तर ४६ हजार होतात. खर्च ३८ हजारांचा असल्याने फंडाला ५८ पर्यंत हात लावावा लागू नये. यात काही राहिले असल्यास सांगावे.

पूर्णाकाठची

विमा वैयक्तिक करून घेतला का?

दुधनाकाठ

हो ताई, त्याच कंपनीकडे दोघांचा अर्ज दिला आहे. आईचे वय वंदना कार्डही भावाने अंबडला जाऊन काढले.

जमाखर्च

आराखडा योग्य आहे. बचत योजनेचे खाते वहिनींच्या नावासह संयुक्त उघडा. ते फक्त पती-पत्नीलाच संयुक्त उघडता येते आणि रक्कम पहिल्या नावावर धरली जाते. साठीपूर्वी खाते उघडताना कंपनीचे प्रमाणपत्र लागते. निवृत्तीचा प्रकार, मिळालेल्या लाभांचा तपशील, आपले पद आणि सेवेचा कालावधी हे सर्व त्यावर असावे. निरोपाच्या दिवशीच ते कार्मिक विभागातून सही-शिक्क्यासह मागून घ्या, आणि पैसे ज्या दिवशी खात्यावर जमा झाले ती नोंद पासबुकात छापून घ्या, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.